बारा गावचे पाणी प्यालेला विद्यार्थी : कवी केशवसुत



शाळेची सहल असो वा ईदनंतरच्या सुट्टीत पाहुण्यांबरोबर काढलेली फेरी असो, आपल्यापैकी बहुतेकांनी गणपतीपुळ्याचा किनारा पाहिलेला आहे. समोर अथांग समुद्र, मागे टेकडी आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे असलेले देवालय. हे सारे पाहून आपण परत फिरतो. पण तेथून जयगडच्या दिशेने थोडे पुढे गेले की मालगुंड नावाचे गाव लागते. या गावात एक जुन्या पद्धतीचे घर जपून ठेवलेले आहे आणि त्याच्या जोडीला एक स्मारक उभे आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या प्रयत्नांतून झालेल्या या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कवी कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. ज्यांच्यासाठी हे स्मारक झाले, ते आधुनिक मराठी कवितेचे जनक कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत.

तुम्ही म्हणाल, केशवसुतांचा धडा पाठ्यपुस्तकात असतो, परीक्षेपुरती माहिती आम्हांला आहे. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र पुन्हा कशासाठी? त्याचे कारण असे की, पाठ्यपुस्तक आपल्याला कवी दाखवते. मालगुंडहून निघालेला विद्यार्थी दाखवीत नाही. आणि आज आपल्या घराघरांत जो प्रश्न उभा आहे, तो त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या समाजातील कुटुंबे पूर्वीपासून फिरती आहेत. कोणी जहाजावर खलाशी म्हणून गेला, कोणी आफ्रिकेत दुकान थाटले, कोणी कुवेत-सौदीला नोकरी धरली, तर कोणी मुंबईला खोली घेतली. कमावता जिकडे जातो तिकडे बिऱ्हाड जाते आणि बिऱ्हाडाबरोबर मुले जातात. दोन वर्षे इकडे, तीन वर्षे तिकडे. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात व कचेरीत मराठी आणि पुढच्या शिक्षणाला इंग्रजी. मुलाचे वर्ष वाया गेले की आई हळहळते आणि बाप म्हणतो, याला चार भाषा येतात पण धड एकही येत नाही. मग कोणी तरी सल्ला देतो की, एक भाषा सोडून द्या, म्हणजे मुलावरचा भार हलका होईल. हा सल्ला ऐकण्यापूर्वी मालगुंडच्या या मुलाची हकीकत एकदा वाचा, एवढीच विनंती आहे.

शिक्षकाचे घर

केशवसुतांचा जन्म १८६६ साली मालगुंडला झाला. वडील केशवपंत हे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पगार तुटपुंजा आणि कुटुंब मोठे. शिक्षकाच्या घरात पुस्तके असतात, शिस्त असते आणि पैशाची चणचण असते. या तिन्ही गोष्टी या घरात होत्या. पुढे केशवपंतांनी शाळेची नोकरी सोडली आणि दापोली तालुक्यातील वळणे या गावी रावसाहेब मंडलिकांच्या खोतीचा कारभार पाहण्यास सुरुवात केली. अशा रीतीने मालगुंडचा समुद्र मागे पडला आणि दामल्यांचे बिऱ्हाड वळण्याला आले.

कृष्णाजीचे प्राथमिक शिक्षण खेडला झाले. तुम्हांपैकी खेड-दापोलीकडचे जे विद्यार्थी असतील त्यांना मालगुंडहून खेड किती दूर हे सांगायला नको. पण त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती हे ध्यानात घ्या. आगबोट, पडाव, बैलगाडी आणि आपले पाय, हीच वाहने. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. अशा मुलखात एका गावाहून दुसऱ्या गावी शिकायला जाणे म्हणजे घरापासून खरोखरच तुटणे होते. पत्र यायलाही दिवस लागत.

खेडचे शिक्षण मराठीतून झाले. पण त्यापुढे जायचे तर इंग्रजी हवी, आणि इंग्रजी शाळा काही गावोगाव नव्हत्या. ज्या गावी आपला कोणी नातलग असेल, दोन वेळच्या जेवणाची व डोके टेकण्याची सोय होईल, त्या गावची शाळा ही आपली शाळा, असा गरीब घरचा नियम होता. आजही आपल्यापैकी किती तरी मुले मामाकडे, चाचाकडे, फूफीकडे राहून शिकतात. कृष्णाजीचेही तसेच झाले.

बडोदे, वर्धा, नागपूर

थोरले बंधू श्रीधर बडोद्यास नोकरीस होते. धाकट्या भावंडांना शिकवण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून उचलली आणि कृष्णाजी बडोद्यास गेला. विचार करा, कोकणच्या लाल मातीतला मुलगा एकदम गुजराती मुलखातल्या राजधानीच्या शहरात आला. रस्त्यावरची भाषा निराळी, शाळेतली इंग्रजी नवी, घरात मात्र मराठी. भावाचा आधार होता म्हणून हे निभावत होते. पण हा आधार फार दिवस लाभला नाही. श्रीधरपंतांचे अकाली निधन झाले. घरचा कर्ता भाऊ गेला आणि त्याबरोबर बडोद्याची शाळाही गेली.

मग वर्ध्याचा रस्ता धरला. तेथे मामा वकिली करीत होते. वर्ध्याहून नागपूर. एका मुलुखाची हवा अंगवळणी पडते न पडते तोच दुसरा मुलूख. मराठी तीच, पण तिचा सूर निराळा; कोकणातले शब्द तेथे कोणाला कळत नाहीत आणि तेथले शब्द आपल्याला नवे. नव्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या बोलण्याला मुले हसतात, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या प्रवासाचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नाही.

तरीही नागपूरने त्याला एक मोठी देणगी दिली. तेथे त्याची नारायण वामन टिळक यांच्याशी ओळख झाली. टिळक हेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, वयाने थोडे मोठे, आणि कविता हा त्यांचा श्वास. हेच टिळक पुढे १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि रेव्हरंड टिळक या नावाने त्यांची मराठी भजने घरोघर पोचली. परक्या मुलखात आपल्या जिल्ह्याचा, आपल्या भाषेचा आणि आपल्यासारखेच वेड असलेला एक मित्र भेटणे ही लहान गोष्ट नव्हे. कृष्णाजीच्या मनात कवितेचे बीज रुजले असेल ते असेल, पण त्याला पाणी येथे मिळाले.

पुणे आणि मॅट्रिकची परीक्षा

१८८४ साली कृष्णाजी पुण्याला आला आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाला. ही शाळा तेव्हा अवघी चार वर्षांची होती. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक प्रभृतींनी ती काढली होती आणि गोपाळ गणेश आगरकर तेथे शिकवीत होते. आगरकरांच्या विचारांचा या तरुणावर खोल परिणाम झाला. माणसाने आपल्या बुद्धीने विचार करावा, रूढी योग्य नसेल तर ती मोडावी आणि माणसामाणसांत उच्चनीच मानू नये, ही शिकवण त्याने येथे घेतली.

आता परीक्षेकडे वळू. त्या काळी हायस्कूलचे शिक्षण इंग्रजीतून होई आणि मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागे. खेडला मराठीत शिकलेला, बडोदे-वर्धा-नागपूर अशा तीन गावांत तीन प्रकारची तुकड्या-तुकड्यांची तयारी झालेला हा विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात पार पडला नाही. अपयश पदरी आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नही विद्यार्थिदशेतच झालेले होते. लग्न झालेला, वयाने वाढलेला, घरची ओढाताण डोळ्यांसमोर असलेला असा हा तरुण पुन्हा पुस्तके घेऊन बसला. १८८९ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो मॅट्रिक झाला. महाविद्यालयाची पायरी त्याला चढताच आली नाही.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. तेवीस वर्षांचा मॅट्रिक विद्यार्थी! आपल्या मोहल्ल्यात असा मुलगा असता तर आपण त्याला काय म्हटले असते? लग्नकार्यात त्याच्याविषयी चार लोक काय कुजबुजले असते? आणि आता दुसरी बाजू पहा. १८८८ साली, म्हणजे मॅट्रिक होण्याच्याही अगोदर, याच विद्यार्थ्याने अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न ही कविता लिहिली होती. सावली पडली म्हणून हाकललेल्या एका अस्पृश्य मुलाच्या मनात उठलेला प्रश्न त्यात आहे. पुढच्याच वर्षी त्याने उपासमारीची पाळी आलेल्या मजुरावर लिहिले. मराठी कवितेने तोपर्यंत अशा माणसांकडे क्वचितच पाहिले होते. परीक्षकांच्या गुणपत्रिकेला जे दिसले नाही, ते हा नापास विद्यार्थी वहीत उतरवून ठेवीत होता.

याचा अर्थ नापास होणे चांगले, असा कृपा करून घेऊ नका. सारखे स्थलांतर आणि सारखी शाळा बदलणे यांची किंमत केशवसुतांनी जन्मभर मोजली. पदवी नाही म्हणून चांगली जागा नाही, जागा नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून पुन्हा बदली आणि पुन्हा नवे गाव. हा फेरा त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. तेव्हा ज्या पालकांना मुलाची शाळा न बदलता राहता येणे शक्य आहे त्यांनी ती बदलू नये, हेच बरे. पण ज्यांचा इलाज नाही, ज्यांचे पोट त्यांना फिरवते, त्यांच्या मुलांची ही वर्षे फुकट गेलीच असे समजू नका. ती वर्षे कशी वापरली यावर सारे आहे.

दोन भाषांचा मेळ

ही वर्षे केशवसुतांनी कशी वापरली? इंग्रजी शाळेत गेल्यावर पुष्कळांना दोनपैकी एक रोग जडतो. काहींना इंग्रजी कधी आपली वाटतच नाही; ते प्रश्नोत्तरे पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. दुसरे काही चार वाक्ये बोलता येऊ लागताच आपल्या घरच्या भाषेची लाज धरू लागतात. केशवसुत या दोन्ही रोगांपासून मुक्त राहिले. त्यांनी इंग्रजी कवींच्या कविता नुसत्या पाठ केल्या नाहीत. त्या मराठीत करून पाहिल्या. संस्कृत काव्याचेही भाषांतर त्यांनी विद्यार्थिदशेतच करून पाहिले होते. भाषांतर करताना दोन्ही भाषा माणसाला खडसावून प्रश्न विचारतात. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आपल्याकडे ही गोष्ट कशी बोलतात? आपल्याकडे शब्दच नसेल तर काय करायचे? रोज असा झगडा करणाऱ्याची इंग्रजीही पक्की होते आणि मराठीही.

याची दोन उदाहरणे देतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण सुनीताचे. सॉनेट नावाचा चौदा ओळींचा एक काव्यप्रकार युरोपात फार जुना आहे. तो इटलीत जन्मला, इंग्लंडात गेला आणि शेक्सपिअर, मिल्टन यांनी तो गाजवला. मराठीत तो नव्हता. केशवसुतांनी १८९२ साली तो मराठीत आणला. पुढे त्याला सुनीत हे नाव रूढ झाले. आता हे पहिले मराठी सुनीत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याचे नाव मयूरासन आणि ताजमहाल. बादशहा शहाजहानने रत्नजडित मयूरासन घडवले आणि बेगम मुमताजमहलसाठी ताजमहाल बांधला. मयूरासन वैभवाचे होते. ते १७३९ साली नादिरशहाने लुटून नेले. ताजमहाल प्रेमाचा होता. तो आजही यमुनेच्या तीरावर उभा आहे. हा विरोध कवीने टिपला. पहा कसा योग जमून आला! कवी कोकणच्या खेड्यातला ब्राह्मण, साचा इटलीहून इंग्रजीच्या वाटेने आलेला, विषय मोगल बादशहाचा आणि शब्द मराठी. ज्याची दारे दोन बाजूंना उघडी असतात त्याच्याच घरात असा वारा खेळतो.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १८९३ साली मुंबईत असताना केशवसुतांनी झपूर्झा ही कविता लिहिली. हा शब्द कोणत्याही कोशात नव्हता. खेळाच्या रंगात आलेल्या मुली गरगर फिरताना जे बोल म्हणतात, त्यांच्या लयीतून हा शब्द कवीने उचलला, असे सांगतात. देहभान हरपून एखाद्या गोष्टीत रंगून जाण्याची जी अवस्था असते, तिला त्यांनी हे नाव दिले. अशा अवस्थेवर लिहायला त्यांना जो शब्द लागला तो इंग्रजी ग्रंथात सापडला नाही; तो अंगणात सापडला, आयाबहिणींच्या तोंडी सापडला.

मित्रांनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पहा. इंग्रजीने केशवसुतांना नवा साचा दिला, मोठे जग दाखवले, धीट होऊन बोलायला शिकवले. पण ज्या शब्दाने ते मराठी माणसाच्या काळजात शिरले तो शब्द घरचा होता. त्यांनी घरची भाषा वाटेत टाकून दिली असती तर ते इंग्रजीचे एक सामान्य कारकून झाले असते. आणि इंग्रजीला परकी म्हणून दूर ठेवले असती तर ते जुन्या वळणाचे आणखी एक पद्यकार झाले असते. दोन्ही धरून ठेवल्या म्हणून ते केशवसुत झाले.

गावांची आठवणही त्यांनी अशीच धरून ठेवली. पुढे ते समुद्रापासून दूर खानदेशात राहिले, पण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी कविता लिहिली. कारण तो वारा त्यांच्या कोकणावरून येणारा होता. एक खेडे या कवितेतही त्यांचे कोकणातले गाव आहे. ज्याला दहा गावे पाहावी लागतात त्याला पहिले गाव अधिक स्वच्छ दिसते, असे म्हटले तर चूक होणार नाही. परदेशातून दोन वर्षांनी सुट्टीवर येणारे आपले बांधव जेव्हा घराच्या पडवीत बसून पावसाकडे टक लावून पाहतात, तेव्हा त्यांनाही हेच वाटत असले पाहिजे.

मुंबई ते धारवाड

मॅट्रिक झाल्यावर केशवसुत मुंबईला आले. मिशनच्या शाळेत आणि इतर ठिकाणी मिळेल ती शिक्षकाची जागा त्यांनी केली. नोकऱ्या तात्पुरत्या आणि पगार अपुरा. पण याच काळात, १८९३ साली, त्यांची तुतारी ही कविता लिहून झाली. झोपलेल्या समाजाला जागे करणारी ही कविता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोचली. ती ज्याने लिहिली तो स्वतः मात्र अत्यंत लाजाळू होता. वडिलांच्या नावावरून घेतलेल्या टोपणनावाआड तो राहिला. त्याचे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही. ज्या माणसाने मराठी कवितेचा चेहरा बदलला, त्याचा स्वतःचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही!

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. लोक शहर सोडून पळू लागले. केशवसुतही कुटुंबासह खानदेशात गेले. भडगावच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत त्यांना जागा मिळाली. अँग्लो-व्हर्नाक्युलर म्हणजे इंग्रजी आणि देशी भाषा दोन्ही शिकवणारी शाळा. दोन भाषांचा हा मुसाफिर अखेर दोन भाषांच्या शाळेतच स्थिर झाला म्हणायचा. भडगावला असताना त्यांनी नवा शिपाई आणि सतारीचे बोल या कविता लिहिल्या. १९०१ साली ते फैजपूरला मुख्याध्यापक म्हणून गेले. पुढे १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन जेथे भरले तेच हे फैजपूर.

नवा शिपाई या कवितेविषयी थोडे सांगितले पाहिजे. या कवितेतला शिपाई स्वतःला कोणत्याही एका जातीत, एका पंथात कोंडून घ्यायला नकार देतो. त्याला जिकडेतिकडे आपलीच भावंडे दिसतात आणि परक्या ठिकाणीही आपल्या घराच्या खुणा सापडतात. ही कविता आपण वर्गात वाचतो तेव्हा ती मोठ्या विचारांची कविता म्हणून वाचतो, आणि तशी ती आहेच. पण आता तुम्हांला कवीचे बालपण ठाऊक झाले आहे. ज्याला बडोद्याने सामावून घेतले, वर्ध्याने जेवू घातले, नागपूरने मित्र दिला आणि पुण्याने गुरू दिले, त्याने हे लिहिले आहे. विश्वबंधुत्वाचा हा धडा त्याला पुस्तकात मिळण्यापूर्वी परक्यांच्या ओटीवर मिळाला होता.

१९०४ साली धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आज ते कर्नाटकात आहे. भोवती कानडी मुलूख, आणि वर्गात मराठी शिकवायची. आयुष्यभर इंग्रजीच्या जोरावर पोट भरणाऱ्या या माणसाला अखेरची नोकरी मिळाली ती आपल्या मातृभाषेची. सरकारी नोकरी, थोडे स्थैर्य. आता बरे दिवस येतील असे वाटत होते. पण प्लेग तेथेही पोचला. १९०५ च्या नोव्हेंबरात ते हुबळीला गेले असता त्यांना प्लेगने गाठले आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांच्या पत्नीही गेल्या. मागे पोरक्या मुली राहिल्या. केशवसुतांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. काव्यरत्नावली, करमणूक, मनोरंजन यांसारख्या नियतकालिकांतून कविता विखुरलेल्या होत्या. त्या गोळा करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध करण्याचे काम कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी केले. एकूण कविता दीडशेच्याही आत आहेत. एवढ्याशा पुंजीवर मराठी कवितेचा रस्ता बदलला. गोविंदाग्रज, बालकवी अशी पुढची पिढी त्याच रस्त्याने चालली. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली शास्त्रीय मराठी व्याकरण हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या घरातल्या मुलांना शिक्षणासाठी घर सोडून मुलूखभर हिंडावे लागले, त्याच घराने मराठीला नवा कवी दिला आणि नामवंत व्याकरणकारही दिला. भाषा घरात टिकवली होती म्हणून हे घडले.

आपल्यासाठी

बारा गावचे पाणी प्यालेला, असे आपण एखाद्या अनुभवी माणसाला म्हणतो. आता मोजून पहा : मालगुंड, वळणे, खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड आणि हुबळी. बरोबर बारा गावे झाली.

पालकांना यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मूल नव्या गावी, नव्या माध्यमात गेले की पहिले वर्षभर ते गप्प राहील, मागे पडेल. त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याच्या डोक्यात दोन घरे एकाच वेळी बांधली जात आहेत. दुसरे असे की, भार हलका करण्यासाठी घरची भाषा काढून टाकू नका. आजीची कोकणी, मक्तबमधली उर्दू, शेजारची मराठी, शाळेची इंग्रजी, या एकमेकींच्या सवती नाहीत. मराठीविषयी तर विशेष सांगायला हवे. काही घरांत ती दुसऱ्यांची भाषा मानली जाते. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी योगसंग्राम हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि शाहीर अमर शेखांनी आपल्या खड्या आवाजाने मराठी सभा हलवल्या. या भाषेवर आपला हक्क जुना आहे. तो वापरला नाही तर गंजेल.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एकच छोटे काम सांगतो. एक वही करा. रोज इंग्रजी किंवा उर्दू पुस्तकातला पाच ओळींचा उतारा घ्या आणि तो मराठीत लिहा. दुसऱ्या दिवशी मूळ उतारा न पाहता आपल्या मराठीवरून तो परत इंग्रजीत किंवा उर्दूत करा आणि ताडून पहा. जेथे अडाल तेथे शिक्षकांना विचारा. आणि शिक्षकही अडले तर घरी आजीला विचारा. पुष्कळदा शब्द तिच्याकडेच निघतो. मुलींना हे मुद्दाम सांगतो, कारण केशवसुतांच्या काळी त्यांच्या घरच्या मुलींना शाळेचा हा मार्ग मोकळा नव्हता. अंगणातल्या खेळापर्यंतच त्यांचा शब्द पोचत होता. तुम्हांला तो मार्ग मोकळा आहे. आता तुमचा शब्द दुसऱ्या कोणी उचलून वापरण्याची वाट पाहू नका. तो तुम्हीच लिहा.

आणि पुढच्या वेळी गणपतीपुळ्याला जाल तेव्हा किनाऱ्यावरून परत फिरू नका. थोडे पुढे जाऊन मालगुंडचे ते घर पाहून या. मुलांना बरोबर न्या, आणि ज्या मुलाचे वर्ष वाया गेले आहे त्याला तर अवश्य न्या. त्या घरातून एक मुलगा शिकायला बाहेर पडला होता आणि तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाला होता, एवढेच त्याला तेथे उभे राहून सांगा.